देऊळ थांबलं तेव्हा कळलं

मी बार्शी तालुक्यात नर्सबाई होते. गरोदरपण, बाळंतपण, पांढरं जाणं, याबद्दल बाया मोकळेपणानं बोलायच्या. पण पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेल्या बाईला पुन्हा डाग दिसला, तर ती तोंड उघडायची नाही. सुना-नातवंडांच्या घरात या वयात कसं सांगायचं? कुणी ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा घ्यायची, कुणी तांदळाचं धुवण. एक म्हातारी एकादशीला भगवंताच्या देवळात जायची थांबली, विटाळ परत आला म्हणून. सुनेला संशय आला तो तिनं देवळात जाणं बंद केल्यावर. तोवर आठ महिने उलटले होते आणि दुखणं गर्भाशयाच्या तोंडापासून पार पुढे गेलं होतं.

पूर्वी मोठा इलाज म्हणजे बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसून मिरजेचं मिशन हॉस्पिटल गाठायचं, नाहीतर मुंबईला परळचं टाटा, जे १९४१ साली सुरू झालं. एवढा खर्च घर म्हातारीवर करेल का, हे तिला ठाऊकच असायचं.

पुढे बार्शीतच नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं आणि १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. शहरात नोंदणीवाले हॉस्पिटलात बसून केसपेपर उतरवतात. इथे पेशंटच हॉस्पिटलात जात नव्हते, तर कागद कुठून येणार? म्हणून इथली नोंदणीची माणसं वह्या घेऊन गावोगाव फिरली. सरपंच, मास्तर, दाई यांना गाठून विचारायची: कुणाला गाठ आहे का, तोंडात न भरणारी जखम आहे का, पाळी गेल्यावर कुणाच्या अंगावर जातंय का? मोजायला आलेली माणसं विचारता विचारता शिकवून गेली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागले, हे संशोधक कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये छापून दाखवलं. त्यासाठी ना नवं यंत्र लागलं, ना नवं औषध.

मग शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवात, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठी चाचणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभर तिचा दाखला देतात. मला मात्र नोंदणीच्या वहीवाल्यांचं काम जास्त मोठं वाटतं. साठी ओलांडलेली माझी म्हातारी त्या चाचणीत बसलीच नसती. शिवाय अशी तपासणी तक्रार नसलेल्या बाईसाठी असते. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर त्या तपासणीत सापडत नाही.

भीतीचा धंदाही शेजारच्या मराठवाड्यात झाला. ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणत बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या गेल्या. २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

म्हणून घाबरवत नाही, हिशेब सांगते. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या शंभर बायकांपैकी साधारण नऊ-दहा जणींनाच अस्तराचा कॅन्सर निघतो. बहुतेकींची जागा नुसती कोरडी, पातळ झालेली असते, नाहीतर मस्सा असतो. पण कोण कुठल्या गटातली, हे घरी बसून कळत नाही. डॉक्टर आतून बघतील, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतील, गरज वाटली तर तुकडा तपासायला पाठवतील. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी याच आठवड्यात दवाखाना गाठा. आणि घरातल्या म्हातारीला तुम्हीच आधी विचारा.