बाळंतपणानंतरची बाई

अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी आजही 'डफरीन' आहे आणि अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. व्हाइसरॉयांच्या पत्नींची ही नावे वऱ्हाडात बाळंतपणाशी कायमची जोडली गेली. स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत, या हेतूने लेडी डफरीन यांचा निधी १८८५ साली उभा राहिला. पुढे आपल्याकडे बाईचा दवाखान्याशी संबंध आला तो प्रामुख्याने गरोदरपणी. आमचा प्रश्न या 'प्रामुख्याने'पाशीच सुरू होतो.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या जननमार्गावरील चामखिळी गरोदरपणी फोफावतात आणि प्रसूतीनंतर बहुधा ओसरतात. क्वचित त्या पुढे बाळाच्या स्वरयंत्रात उद्भवतात. तथापि केवळ या भीतीने सिझेरियन करण्याची गरज नसते. ही झाली ६ व ११ या प्रकारांची, डोळ्यांना दिसणारी बाजू. १६ व १८ हे प्रकार मात्र मुकाट असतात. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये १६ वा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. ज्या थोड्याजणींत टिकतो, त्यांना कर्करोग व्हायला अनेकदा दहा-वीस वर्षे लागतात.

तोवर पाळणा थांबलेला असतो. बाई 'डफरीन'ला जाते ती आता सुनेच्या सोबतीला. स्वतःचे 'अंगावर जाणे' ती कोणाला सांगत नाही.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. विषाणूची एकदाच चाचणी दिलेल्या गटात ३४,१२६ जणींपैकी ३४ या कर्करोगाने दगावल्या. नेहमीच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. या दुसऱ्या गटाला तपासणी न देणे न्याय्य होते का, यावर पुढे वाद झाला. आम्हांला तो वाद आवश्यक वाटतो; पण त्या गटाला मिळालेली 'नेहमीची व्यवस्था' हीच आपल्या बहुसंख्य गावांची रीत होती, हेही विसरता येत नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ मध्ये बाजारात आली. ती गरोदरपणी देत नाहीत. ती मुलींसाठी आहे. त्यांच्या आयांसाठी उपाय उरतो तो तपासणीचाच. आई होऊन गेलेल्या बाईलाही शरीर असते, एवढे मान्य केले तरी त्या जुन्या नावांच्या इमारतींना नवा अर्थ येईल.