आखाजीचे पत्ते आणि लीलावतीचे गणित

वैशाखातली अक्षय्य तृतीया म्हणजे आपल्या खानदेशची आखाजी. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि पुरुष मंडळी? ती निंबाखाली पत्त्यांचा डाव मांडतात. "सणाचा खेळ, दोन-चार डाव खेळले तर काय बिघडते?" असे म्हणतात. बिघडते की नाही, हे आज भांडून नव्हे, हिशेबाने पाहू या.

जुगार आपल्याकडे फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हरलेल्या जुगाऱ्याचे एक सूक्तच आहे. त्याचे फासे बेहड्याच्या फळांचे. तो बेहडा आपल्या सातपुड्यातही आहे. महाभारतातल्या नलकथेत ऋतुपर्ण राजा बेहड्याचीच पाने-फळे नजरेने मोजून दाखवतो आणि मग नलाला फाशांची विद्या देतो. मोजणी आणि जुगार यांचे नाते जुन्या लोकांनी असे ओळखले होते.

पुढे इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी लीलावती लिहिली. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा, म्हणजे खानदेशातलाच. लीलावतीत एक प्रश्न आहे : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा रसांची मिश्रणे किती होतील? तीन-तीन रस घेतले तर ६ × ५ × ४ ला १ × २ × ३ ने भागायचे, उत्तर २०.

आता रसांच्या जागी पत्ते घ्या. तीनपत्तीत ५२ पानांतून तीन पाने हातात येतात. ५२ × ५१ × ५० ला ६ ने भागा. २२,१०० प्रकार झाले. त्यांत तीन सारखी पाने फक्त ५२ प्रकारांनी येतात, म्हणजे सरासरीने ४२५ डावांत एकदा. जोडी ३,७४४ प्रकारांनी, सहा डावांत साधारण एकदा. आणि जोडी नाही, रंग नाही, क्रम नाही, असा रिकामा हात १६,४४० प्रकारांनी येतो. शंभरांत सुमारे ७४ वेळा!

"वीस डाव पडलो, आता माझी पाळी," असे हरणारा म्हणतो. पण नीट पिसलेल्या पत्त्यांना मागचे काही आठवत नाही. एकविसाव्या डावालाही संधी पहिल्याइतकीच. युरोपात १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन गणित्यांनी अर्धवट सुटलेल्या डावातले पैसे कसे वाटावेत, यावर पत्रे लिहिली. संभाव्यतेचे शास्त्र तिथून वाढीस लागले.

तुम्ही म्हणाल, "मी हरलो तर शेजारी जिंकेल, पैसा गावातच राहील." घरच्या डावात ते खरे. पण अड्ड्यावर नाल असते. समजा, पाच जण शंभर-शंभर रुपये घेऊन बसले. दर डावाला प्रत्येकी दहा लावले, आणि पन्नासांतून पाच रुपये अड्डेवाल्याने नाल म्हणून काढले. चाळीस डावांत दोनशे रुपये गेले. पाचशेंतले तीनशेच खेळणाऱ्यांत उरले. कोण जिंकेल ते सांगता येत नाही. अड्डेवाला जिंकणार हे मात्र आधीच सांगता येते. १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानेही अड्ड्याची खूण म्हणून जागा चालवणाऱ्याचा नफाच धरला आहे.

आणि दिवस कोणता? आखाजी. या दिवशी खानदेशात सालदार ठरतात, वर्षाच्या मजुरीची उचल हाती पडते. शेतकऱ्याने खरिपाच्या बियाण्याचे पैसे बाजूला काढलेले असतात. डावात जाते ती ही रक्कम.

गुरुजी, एवढे करा. सुटी लागण्याआधी ५२, ५१ आणि ५० हे आकडे फळ्यावर मांडा आणि भागाकार मुलांनाच करू द्या. ती घरी जाऊन बापाला सांगतील. बाप हसेल, पण आकडा त्याच्या ध्यानात राहील.