क्षमा की विस्मृती?

व्हिएतनाम युद्धकाळात सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी हजारो अमेरिकन तरुण कॅनडात परागंदा झाले. त्यांच्या परतीचा वाद अखेर शब्दांवर येऊन ठेपला. ‘ॲम्नेस्टी’च्या मुळाशी ग्रीक ‘विस्मृती’ आहे, आणि त्यांतील अनेकांना हवी होती ती हीच. क्षमा पत्करणे म्हणजे अपराध मान्य करणे होय. (आपल्या ‘माफी’त हे दोन्ही अर्थ मिसळून जातात.) १९७४ साली अध्यक्ष फोर्ड यांनी पर्यायी सेवेच्या अटीवर सवलत देऊ केली; ती फारच थोड्यांनी घेतली. २१ जानेवारी १९७७ रोजी कार्टर यांनी बिनशर्त मुक्तता केली, परंतु शब्द योजिला तो ‘पार्डन’, म्हणजे क्षमा. माजी सैनिकांच्या संघटनांना तीही रुचली नाही. पलटणीतून पळालेल्यांना मात्र या क्षमेतून वगळले होते. त्यांत गरीब घरची मुले अधिक होती, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.