‘रिस्पेक्ट’चे पैसे कोणाला?

१९६५ मध्ये ओटिस रेडिंगने ‘रिस्पेक्ट’ हे गाणे लिहिले आणि स्वतः गायले. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने ते गायले आणि ते कायमचे तिचे झाले. अमेरिकी रेडिओवर तिचा आवाज त्यानंतर अगणित वेळा घुमला. त्या प्रसारणाची रॉयल्टी मात्र रचनाकार म्हणून रेडिंगच्या वारसांकडे आणि प्रकाशकाकडे जात राहिली. ज्या आवाजामुळे ते गाणे लागत होते, त्याला अमेरिकेतील एएम-एफएम केंद्रांनी गायनापोटी काहीही देणे लागत नव्हते. यात कोणी कोणाला फसवले नव्हते. कायदाच तसा होता.

या विषमतेचे मूळ बरेचसे कालक्रमात आहे. रचनेच्या जाहीर सादरीकरणाचा हक्क अमेरिकी कायद्याने १८९७ मध्येच मान्य केला होता, आणि १९१४ मध्ये संगीतकार-गीतकारांनी ‘एस्कॅप’ ही आपली वसुली संस्था स्थापन केली. १९२० च्या दशकात रेडिओचा प्रसार झाला, तेव्हा ही संस्था पावतीपुस्तक घेऊन दारात उभीच होती. गायक-वादकांपाशी ना असा हक्क होता, ना अशी संस्था. ध्वनिमुद्रणाला तर संघराज्याच्या कॉपीराइट कायद्यात स्थानच नव्हते.

आरंभी याची झळ फारशी लागली नाही. केंद्रे वाद्यवृंदांना स्टुडिओत बोलावून पैसे मोजत. तबकडी लावून काम भागते हे उमगल्यावर चित्र पालटले. वाद्यवृंदप्रमुख फ्रेड वेअरिंग याने आपल्या तबकड्यांवर त्या रेडिओ प्रसारणासाठी नसल्याची सूचनाच छापून घेतली आणि ती न जुमानणाऱ्या केंद्रावर दावा लावला. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. हा विजय अल्पजीवी ठरला. १९४० मध्ये पॉल व्हाइटमन आणि आरसीए कंपनी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी निर्णय दिला की तबकडी एकदा विकली की वादकाचा आणि कंपनीचा, दोघांचाही तिच्या प्रसारणावरील अधिकार संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यासही नकार दिला.

न्यायालयाचा मार्ग खुंटला, तेव्हा संघटनेचा मार्ग उरला. वादकांच्या संघटनेचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो हा शिकागोचा ट्रम्पेटवादक, स्वभावाने हट्टी. बोलपट आल्यावर चित्रपटगृहांतील हजारो वादक एका फटक्यात बेकार झालेले त्याने पाहिले होते. आपल्या पोटावर पाय आणणारे यंत्र वादक स्वतःच्याच हातांनी घडवतो, असे तो सांगे; बर्फवाल्याने काही रेफ्रिजरेटर बनवला नव्हता! १ ऑगस्ट १९४२ पासून त्याने ध्वनिमुद्रण बंद पाडले. रेडिओवर प्रत्यक्ष वाजवण्यास मुभा होती. तबकडीसाठी वाजवण्यास नव्हती. गायक या संघटनेत नसल्यामुळे कोलंबिया कंपनीने १९४३ मध्ये फ्रँक सिनात्राकडून वाद्यांविना, केवळ समूहस्वरांच्या साथीने गाणी गाऊन घेतली. दुसरे महायुद्ध चालू होते, वृत्तपत्रे पेट्रिलोवर तुटून पडली, खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली. तरी तो नमला नाही. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, आरसीए आणि कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये.

पण पेट्रिलोने नेमके काय मिळवले, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम देण्याचे ध्वनिमुद्रण कंपन्यांनी मान्य केले. रेडिओ केंद्रांनी नव्हे. ती रक्कमही तबकडीवर वाजवणाऱ्याला मिळायची नव्हती. तिचा निधी झाला आणि त्यातून बेकार वादकांना विनामूल्य जाहीर मैफलींत काम देण्यात आले. वेअरिंगसारख्या नामवंताला आपल्या कलेवर मालकी हवी होती, तर पेट्रिलोच्या सामान्य सभासदाला रोजगार. दोन्ही मागण्या रास्त होत्या, पण त्या एक नव्हत्या. कलावंतांच्या या दुफळीने रेडिओमालकांचे जितके भले केले, तितके त्यांच्या वकिलांनीही केले नसेल.

रेडिओमालकांचा युक्तिवाद आजही तोच आहे: गाणे लावणे म्हणजे कलावंताची फुकट जाहिरात. यात तथ्य नाही असे नाही. १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्या गाणी लावण्यासाठी निवेदकांना गुपचूप पैसे चारत, आणि त्या ‘पेओला’ प्रकरणाची चौकशी काँग्रेसपर्यंत गेली. परंतु गाण्यांच्या बळावर श्रोते मिळवून केंद्रे जाहिराती विकत होती, हेही तितकेच खरे. जाहिरात कोण कोणाची करत होते?

१९६१ च्या रोम कराराने कलावंत किंवा ध्वनिमुद्रण निर्माते यांना प्रसारणाचा मोबदला मिळावा, असे तत्त्व मांडले. अमेरिका त्या करारात सामील झाली नाही. भारताने सही केली, पण मान्यतेची अंतिम पायरी गाठली नाही. त्याच दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला, मोहम्मद रफी यांना एकदा घेतलेले मानधन पुरेसे वाटले, आणि दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. ती मागणी मुख्यतः तबकड्यांच्या विक्रीसंबंधी होती. पण गळ्याची मालकी कोणाची, हा प्रश्न तोच. १९७७ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला हक्क नसल्याबद्दल कायद्यावर स्वतंत्र टिपण जोडले. गायकांच्या रॉयल्टीची स्पष्ट तरतूद मात्र २०१२ च्या दुरुस्तीनेच आली.

अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला १९७१ मध्ये कॉपीराइट मिळाला, तो नक्कल रोखण्यापुरता. प्रसारण वगळलेच होते. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणावर रॉयल्टी आली. आता इंटरनेट रेडिओकडून परवान्यापोटी येणाऱ्या रकमेतील ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीच्या गायक-वादकांना मिळतात. मनोऱ्यावरून होणारे जुने प्रसारण या कायद्याबाहेरच राहिले. तेही आत आणण्यासाठी २०२१ मध्ये काँग्रेसपुढे विधेयक आले, आणि केंद्रांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. या फटीमुळे एखादे एफएम केंद्र तोच कार्यक्रम इंटरनेटवरही चालवत असेल, तर ‘रिस्पेक्ट’ची एक रॉयल्टी त्या प्रवाहापोटी अरेथाच्या वारसांकडे जाते, त्याच क्षणी मनोऱ्यावरून निघालेल्या त्याच आवाजाबद्दल जात नाही.