गॉल्फ-मैदान : रचना व इतिहास

गॉल्फ-मैदान : गॉल्फ हा खेळ खेळण्यासाठी आखलेली विस्तीर्ण हिरवळ. इतर खेळांच्या मैदानांची मापे ठरलेली असतात, तशी गॉल्फ-मैदानाची नसतात. नियमाने बांधलेला आहे तो चेंडू घालवावयाचा खळगा. त्याचा व्यास १०·८ सेंमी. असतो. टप्प्यांची १८ ही संख्याही रूढीने आलेली आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे १७६४ मध्ये २२ टप्प्यांचे १८ करण्यात आले आणि पुढे तोच दंडक झाला.

स्कॉटलंडमधील आद्य मैदाने कोणी आखली नव्हती. समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीत पाणी सहज मुरे, गवत आखूड राही व वाऱ्याने उघडे पडलेले वाळूचे खड्डे हेच अडथळे ठरत. इंग्रजी अंमलात हा खेळ कलकत्त्यास १८२९ मध्ये व मुंबईस १८४२ मध्ये आला. तेथील जमीन मात्र त्याबरोबर येणे शक्य नव्हते. उत्तर कोकणात चार महिन्यांत दोन हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो. भिवंडीच्या परिसरातील भातखाचरांची चिकण जमीन हे पाणी धरून ठेवते; भाताला जे उपकारक, तेच गॉल्फला मारक होय. याउलट कोरड्या प्रदेशांतील अनेक छावण्यांत गवतच टिकत नसल्याने खळग्याभोवती तेल मिसळलेली वाळू दाबून बसवीत.

या अडचणीवर खरा उपाय निघाला तो मातीखाली. अमेरिकेच्या गॉल्फ संघटनेने १९६० मध्ये शिफारस केलेल्या पद्धतीत सु. ३० सेंमी. वाळूमिश्रित थराखाली खडीचा थर व निचऱ्याच्या नळ्या असतात. उष्ण प्रदेशात या थरावर बर्म्युडा गवताच्या संकरित जाती लावतात. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. शेतकरी जिला खणून काढतो, तिच्याच संकरित वाणांची येथे निगुतीने जोपासना होते.

अजिंक्यपद स्पर्धांचे मैदान सामान्यतः ६,४०० मी. किंवा अधिक लांब असते व कुशल खेळाडूने ते ७० ते ७२ फटक्यांत पुरे करावे, अशी अपेक्षा असते. परंतु केवळ लांबी व खड्डे वाढवून मैदान कठीण होते, चांगले होत नाही. बॉबी जोन्स व ॲलिस्टर मॅकेंझी यांनी आखलेले ऑगस्टा येथील मैदान १९३३ मध्ये खुले झाले. त्यात आरंभीचा फटका मारण्यास जागा ऐसपैस आहे. मात्र तो चुकीच्या बाजूस पडल्यास पुढचा फटका अवघड होतो. जोखीम किती घ्यावयाची, हे खेळाडूनेच ठरवावयाचे असते.

मुंबईत विलिंग्डन क्लब १९१८ मध्ये स्थापन झाला. तेथील मैदान आखूड आहे. पण यूरोपीयांच्या क्लबांत भारतीयांना मज्जाव असताना येथे दोघांनाही प्रवेश होता, हे त्याचे महत्त्व आटोपशीर आखणीहून मोठे आहे. चेंबूर येथील बाँबे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लब १९२७ मधील आहे. एकविसाव्या शतकात सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी सर्वांसाठी खुले मैदान उभारले.

अठरा टप्प्यांच्या मैदानास सु. ५० ते ६० हेक्टर जमीन लागते आणि पावसाळ्यात पाण्याने त्रस्त असलेले हेच मैदान उन्हाळ्यात पाणी मागते. दाट वस्तीच्या जिल्ह्यांत पिण्याच्या पाण्याशी त्याची स्पर्धा होऊ नये, म्हणून शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे इष्ट ठरते. पावसाळ्यात चिखलात रुतलेला चेंडू उचलून, पुसून जवळच ठेवण्याची मुभा स्थानिक नियमान्वये देता येते.