समारंभी अक्षराचे कूळ

लग्नपत्रिकेवर किंवा मानपत्रावर शोभणारे लफ्फेदार देवनागरी अक्षर बोरूच्या कुळातले आहे. बोरू म्हणजे पोकळ काडीच्या टोकाला तिरका छेद देऊन केलेली लेखणी. हा छेद रोमन लेखणीच्या उलट असतो. त्यामुळे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड येते, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. अक्षराचा खरा डौल या जाडबारीकपणात आहे, नक्षी नंतरची.

मराठीची वाहती लिपी मात्र मोडी. पानभर शिरोरेषा आधी ओढायची आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची, ही तिची रीत. विल्यम केरी यांचा 1810 चा मराठी कोश श्रीरामपूरला मोडी खिळ्यांत छापला गेला. पण मोडीचे सौंदर्य एका अक्षरातून दुसऱ्यात शिरण्यात आहे आणि खिळा तर प्रत्येक अक्षराला वेगळे करतो. दफ्तरातली ही लिपी छापखान्यात रुजली नाही. मंगल मजकुराचा मान बाळबोध, म्हणजे देवनागरी, वळणाला मिळाला.

गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग शिळाछापावर काढले. शिळाछापात लेखनिकाचे वळण जसेच्या तसे कागदावर उतरते. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी खिळ्यांचे साचे कोरले. बोरूचे भरदार वळण त्यांनी पोलादात जपले. मराठी मुद्रणातले हे फार मोठे काम आहे.

तरीही लांब लफ्फा धातूत मावत नव्हता. इंग्रजी निमंत्रणातले तिरपे, जोडलेले अक्षर अठराव्या शतकातल्या टोकदार टाकाचे. दाब वाढला की त्याची रेघ जाड होते. त्याचे खिळे पाडता आले. देवनागरीत शिरोरेषा खिळ्यागणिक जुळवावी लागते. शिवाय वर वेलांटी, रफार, खाली उकार. लफ्फा लांबवला की तो शेजारच्या खिळ्यावर आदळायचा. म्हणून ‘शुभविवाह’, ‘श्री गणेशाय नमः’ असे ठळक शब्द चित्रकार हाताने रेखाटत, त्यांचे ब्लॉक बनत आणि बाकी मजकूर साध्या खिळ्यांत जुळवला जाई. एकाच पत्रिकेत दोन वळणे नांदत ती यामुळे.

ही अडचण संगणकाने सोडवली. र. कृ. जोशी यांनी सुलेखन आणि अक्षररचना ही एकच विद्या मानली. संगणकावर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून देवनागरी सुलेखनाला नवा वेग दिला. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता एका अक्षराची अनेक रूपे फॉन्टमध्ये साठवता येतात आणि शेजारचे अक्षर पाहून वेलांटी लांब-आखूड होऊ शकते. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ओझरसारख्या गावातही पत्रिकेतले वधूवरांचे नाव आणि खालचा मजकूर एकाच वळणात छापता येतो.