ओठांवरचे रेडियम



जड कणांच्या किरणोत्सर्गाने सजीव पेशीचे काय होते, हा विषय आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री पुस्तके वाचून. पण या शास्त्रातला एक मोठा धडा कारखान्यात लिहिला गेला आहे, म्हणून तो सांगण्याचा आम्हांलाही अधिकार आहे.

१९१७ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ऑरेंज गावी, घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावण्याचे काम सुरू झाले. अंधारात दिसणारी घड्याळे लष्कराला हवी होती. कामावर बहुतेक तरुण मुली; मजुरी नगावर. कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करायचे, रंगात बुडवायचे आणि आकडा काढायचा, अशी त्यांना शिकवण होती. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितले जाई. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागून चिमट्याने रेडियम हाताळीत!

काही वर्षांत मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले, हाडे मोडू लागली. १९२५ साली हॅरिसन मार्टलंड या सरकारी वैद्यक अधिकाऱ्याने त्यांच्या उच्छ्वासात किरणोत्सर्गी वायू असल्याचे दाखवून दिले. रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसले होते.

असे का झाले? रेडियम हे कॅल्शियमच्या कुळातले. शरीर त्याला हाडात जागा देते. तेथून ते अल्फा कण, म्हणजे हेलियमची अणुकेंद्रे, सोडीत राहते. बाहेरून आलेला अल्फा कण कातडीच्या वरच्या मृत थरातच अडतो. पण आत सुटला तर चार-पाच पेशींच्या टापूत आपली सारी शक्ती ओततो. क्ष-किरणांचे घाव विखुरलेले असतात. डीएनएचा एक धागा तुटला तर पेशी दुसऱ्यावरून तो दुरुस्त करून घेते. जड कण मात्र एकाच जागी दोन्ही धागे तोडतो. मग पेशी मरते, किंवा चुकीची जोडणी करून जगते आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. म्हणूनच आजच्या नियमांत अल्फा व जड कणांची मात्रा क्ष-किरणांच्या वीसपट धोक्याची धरतात.

ग्रेस फ्रायर हिने वकील मिळविण्यासाठी दोन वर्षे खेटे घातले. १९२७ साली पाच जणींनी दावा लावला. मुदत टळली, असा कंपनीचा बचाव होता. रोग उशिरा दिसतो, याचा फायदा मालकाला! १९२८ साली तडजोड झाली : प्रत्येकीला दहा हजार डॉलर, सालाना सहाशे डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. पुढे १९३८ साली इलिनॉय राज्यात कॅथरिन डॉनह्यू हिने अंथरुणावरून साक्ष दिली आणि खटला जिंकला. त्याच वर्षी ती वारली.

१९४१ साली अमेरिकेत शरीरातील रेडियमची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम ठरली, ती अशा रंगकामगारांच्या तपासणीच्या आधारे. प्लुटोनियमवर काम करणाऱ्यांची मर्यादा ठरवतानाही तिचाच दाखला घेतला गेला.

जड कणांची हीच शक्ती माणसाने पुढे उपयोगी आणली. हे कण आपल्या वाटेच्या शेवटी सर्वांत जास्त शक्ती टाकतात. जपानात चिबा येथे १९९४ पासून कार्बनची अणुकेंद्रे नेमकी गाठीवर थांबवून कर्करोगावर उपचार होऊ लागले. हा आनंदाचा भाग आहे आणि तो आम्ही आनंदाने सांगतो.

पण मंडळी, कामगारांना आमचे एक सांगणे आहे. 'सुरक्षित मर्यादा' असा फलक कामाच्या जागी दिसला की तीन प्रश्न विचारा : ही मर्यादा कोणी ठरवली, आमच्या अंगावरची मात्रा कोण मोजतो, आणि ती नोंद आम्हांला पाहायला मिळते काय? ऑरेंजच्या मुलींना हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे, ती त्यांच्यामुळे.